ठेकेदार घराचं काम अर्धवट टाकून गेला तर: पहिल्या महिन्यात काय करायचं आणि दाद कुठे मागायची

काम एका दिवसात बंद पडत नाही. आधी माणसं कमी होतात. मग ठेकेदार 'सोमवारपासून जोरात सुरू करतो' म्हणतो, नंतर 'लेबर गावाला गेलंय' म्हणतो आणि शेवटी फोन उचलणंच सोडून देतो. तोवर ठरलेल्या रकमेतला मोठा भाग त्याच्याकडे गेलेला असतो, कर्जाचे हप्ते सुरू असतात आणि कॉलमच्या सळया उघड्यावर गंजत असतात.

अशा वेळी बहुतेक जण एक तर रागाच्या भरात पोलीस ठाणं गाठतात, नाही तर घाईघाईनं नवा ठेकेदार आणून काम पुढे रेटतात. पहिल्यात फार तर वेळ जातो. दुसऱ्यात मात्र चांगली केस हातची जाते. जुन्यानं किती काम केलं होतं आणि ते कसं केलं होतं, हे नवं प्लास्टर चढल्यावर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सगळ्यात आधी एकच सांगणं आहे: जागेची नोंद आणि लेखी नोटीस होईपर्यंत नव्या माणसाला कामाला हात लावू देऊ नका. अशा प्रकरणाचा निकाल बराचसा या पहिल्या महिन्यातच ठरतो.

हा लेख भारतातल्या कायद्यानुसार आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या किंवा राहत्या घराची दुरुस्ती, नूतनीकरण करून घेणाऱ्या मालकांसाठी तो लिहिला आहे. बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल आणि प्रकल्प रखडला असेल, तर तुमचा रस्ता २०१६ च्या रेरा कायद्याचा, विशेषतः त्याच्या कलम १८ चा. तो विषय इथे घेतलेला नाही.

काम सोडलं की रखडलं?

हा फरक आधी करायला हवा, कारण दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३९ नुसार एका बाजूनं आपलं वचन पुरतं पाळायला नकार दिला, किंवा ते पाळता येणार नाही अशी स्थिती स्वतःच करून घेतली, तर दुसरी बाजू करार संपवू शकते. नकार तोंडानंच द्यावा लागतो असं नाही. माणसं काढून घेणं, मिक्सर आणि सेंट्रिंगचं सामान उचलून नेणं, लेखी निरोपांना आठवडेच्या आठवडे उत्तर न देणं, अशा वागण्यातूनही नकार दिसतो.

याच कलमात एक अट आहे आणि ती अनेकांना नडते. तुम्ही बोलण्यातून किंवा वागण्यातून करार चालू ठेवायला संमती दिली असेल, तर तो संपवण्याचा हक्क उरत नाही. 'बरं, दिवाळीनंतर या' असा भलेपणानं पाठवलेला मेसेज उद्या तुमच्याविरुद्ध वाचून दाखवला जातो. मुदत वाढवून द्यायचीच असेल तर लेखी द्या आणि 'उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क मी राखून ठेवतो' हे वाक्य त्यात घाला. मुदत हा करारातला कळीचा मुद्दा असताना उशिराचं काम स्वीकारलं, तर ते स्वीकारतानाच अशी सूचना द्यावी लागते, असं कलम ५५ सांगतं.

आता तुमची बाजूही तपासून घ्या. ठरलेला हप्ता थकला होता का? नकाशा, पाणी, वीज, टाइल्सची निवड यांपैकी काही तुमच्याकडून अडलं होतं का? कलम ६७ प्रमाणे मालकानं आवश्यक सोयी दिल्या नाहीत, तर त्यामुळे न झालेल्या कामाची जबाबदारी ठेकेदारावर राहत नाही. कायद्यानं तिथे दिलेलं उदाहरण घरदुरुस्तीचंच आहे: दुरुस्ती कुठे करायची ते मालकानं दाखवलं नाही, म्हणून काम करणारा सुटतो. तुमच्याकडे असं काही राहून गेलं असेल तर ते आधी पूर्ण करा, पैसे तयार असल्याचं लेखी कळवा आणि मगच पुढे जा.

जागा जशी आहे तशी नोंदवा

पहिलं काम फोटो आणि व्हिडिओचं. प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, छत, गच्ची, प्लंबिंग, वायरिंगचे पाइप, उरलेलं सामान, सगळं घ्या. मोजपट्टी चौकटीत येईल असे फोटो जास्त उपयोगी पडतात. मूळ फाइल्स फोनमध्येच राहू द्या आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा.

पण नुसत्या फोटोंवर भागत नाही. या प्रकरणात ठेकेदाराशी संबंध नसलेल्या सिव्हिल इंजिनिअरला किंवा आर्किटेक्टला बोलवा आणि त्याच्याकडून सहीशिक्क्याचा अहवाल घ्या. अहवालात तीन गोष्टी स्वतंत्रपणे आल्या पाहिजेत. आजवर झालेल्या कामाचं मोजमाप आणि त्याची किंमत. झालेल्या कामातले दोष आणि ते दुरुस्त करण्याचा खर्च. उरलेलं काम पूर्ण करायला लागणारा खर्च. या तीन आकड्यांवरच पुढचा सगळा दावा उभा राहतो. इंजिनिअरची फी जड वाटेल, तरी तिथे काटकसर करू नका. तीही नुकसानभरपाईत मागता येते. तपासणीची तारीख ठेकेदाराला आधी लेखी कळवा. तो आला तर उत्तम, नाही आला तर 'मला न सांगता मोजमाप केलं' असं त्याला म्हणता येत नाही. हजर असलेल्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या पंचनाम्यावर घेऊन ठेवा.

सुरक्षेचा प्रश्न मात्र थांबवून ठेवता येत नाही. स्लॅबखालचे टेकू इंजिनिअरला विचारल्याशिवाय काढू नका. उघड्या सळयांना संरक्षक थर लावणं, खड्ड्याला कुंपण घालणं, गळणारं छत झाकणं ही कामं लगेच करा. करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग तुमच्या हातात होते, हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. हाताची घडी घालून नुकसान वाढू दिलं, तर वाढलेला भाग तुमच्याच माथी बसतो. हा खर्च आधी आणि नंतरच्या फोटोंसह जपून ठेवा.

जागेवर ठेकेदाराच्या प्लेटा, मशीन, अवजारं राहिली असतील तर त्यांची यादी करा. ती विकण्याचा हक्क तुम्हाला नाही, मग त्याच्याकडून कितीही येणं असो. अमुक तारखेपर्यंत घेऊन जा, एवढंच कळवा.

हिशेब: मागायचं किती?

लोक हमखास चुकतात ते इथे. '१४ लाख दिले, १४ लाख परत द्या' अशी मागणी सहसा टिकत नाही, कारण जे काम झालं त्याचा उपयोग तुम्हाला होणारच आहे. हिशेब असा मांडा. समजा करार २० लाखांचा होता, तुम्ही १४ लाख दिले आणि उरलेलं काम त्याच दर्जानं पूर्ण करायला आता ११ लाख लागणार आहेत. म्हणजे घर तुम्हाला २५ लाखांना पडलं. करारापेक्षा जास्त गेलेले ५ लाख हे तुमचं मूळ नुकसान. सदोष काम तोडून पुन्हा करण्याचा खर्च या ११ लाखांत धरला नसेल तर तो वेगळा जोडा. त्यावर इंजिनिअरची फी, संरक्षणाचा खर्च आणि उशिरामुळे भरावं लागलेलं घरभाडं येतं.

घरभाड्याला एक मर्यादा आहे. कलम ७३ प्रमाणे भरपाई मिळते ती करारभंगातून स्वाभाविकपणे होणाऱ्या, किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेल्या नुकसानीची. याच कलमातलं एक उदाहरण बांधकामाचं आहे: घर अमुक तारखेला भाडेकरूला द्यायचं आहे हे बांधणाऱ्याला माहीत होतं, त्यानं इतकं वाईट बांधलं की घर कोसळलं, तर पुन्हा बांधण्याचा खर्च, बुडालेलं भाडं आणि भाडेकरूला द्यावी लागलेली भरपाई, हे सगळं त्यानं द्यायचं. तेव्हा 'जूनमध्ये भाड्याचं घर सोडायचं आहे' असं तुम्ही ठेकेदाराला आधी कळवल्याचा एखादा मेसेज सापडला, तर तो सोन्यासारखा जपा.

करारात उशिरासाठी दंडाची रक्कम लिहिली असेल तर कलम ७४ लागू होतं. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देतं.

लेखी करारच नसेल तर? धीर सोडू नका. तोंडी करारही कायद्यानं करारच असतो, फक्त तो सिद्ध करायचं काम वाढतं. इस्टिमेटचा कागद, बँकेतून गेलेल्या रकमा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ठेकेदाराच्या हस्ताक्षरातली हिशेबाची वही, यांतून अटी उभ्या करता येतात. मोबाइलमधला पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. रोख दिलेल्या रकमांची पावती नसेल, तर त्या त्या दिवशी बँकेतून काढलेल्या पैशांची नोंद शोधून काढा.

तीस दिवसांची नोटीस

आता विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३. नाव बोजड असलं तरी २०१८ च्या दुरुस्तीनंतरचं त्याचं कलम २० प्रत्येक घरमालकाला माहीत असायला हवं. करार मोडला गेला तर राहिलेलं काम दुसऱ्याकडून किंवा स्वतः करून घेण्याचा आणि त्याचा खर्च मोडणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क हे कलम देतं. अट अशी की आधी किमान तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन काम पूर्ण करायला सांगितलेलं असलं पाहिजे. शिवाय खर्च प्रत्यक्षात काम करून घेतल्यावरच मागता येतो. काम पूर्ण करण्याइतके पैसे हाताशी नसतील, तर इंजिनिअरच्या अंदाजाच्या आधारे कलम ७३ खाली भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा राहतो.

नोटीस वकिलाकडूनच गेली पाहिजे असं नाही, पण रक्कम मोठी असेल तर वकिलाकडून पाठवलेली बरी. भाषा थंड ठेवा. कराराची तारीख आणि रक्कम, आजवर दिलेले पैसे तारखांसह, काम कोणत्या दिवसापासून बंद आहे, काय काय राहिलं आहे, ते कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करायचं, आणि न केल्यास करार संपवून उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च व नुकसानभरपाई वसूल केली जाईल, एवढं पुरे. 'तुला बघून घेतो' छापाचं एकही वाक्य नको. ते फिरवून तुमच्याविरुद्ध तक्रारीत वापरता येतं.

नोटीस पोस्टानं, पोच मिळेल अशा पद्धतीनं पाठवा आणि तिचा फोटो व्हॉट्सॲप आणि ईमेलवरही टाका. ठेकेदाराचे जितके पत्ते माहीत असतील तितक्या ठिकाणी पाठवा. त्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकावरून नोंदणीचं कायदेशीर नाव आणि व्यवसायाचं ठिकाण पाहता येतं. दावा नेमका कुणावर करायचा, त्या माणसावर, भागीदारी संस्थेवर की कंपनीवर, हेही त्यातून उलगडतं. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते न फोडता तसंच ठेवा. बरोबर पत्त्यावर पाठवलेली आणि नाकारलेली नोटीस बजावली गेली असंच सामान्यतः धरलं जातं.

मुदत संपल्यावर दुसरं छोटं पत्र पाठवा: मुदत संपली, करार संपुष्टात आणत आहे, यापुढे जागेवर काम करण्याचा तुमचा अधिकार राहिला नाही. रीतसर करार संपवणाऱ्याला नुकसानभरपाईचा हक्क कलम ७५ देतं. त्यानंतर नवा ठेकेदार खुशाल आणा. फक्त त्याच्या करारात जुनं काम दुरुस्त करणं आणि उरलेलं काम पूर्ण करणं, यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या.

मधल्या काळात दोन ठिकाणी कळवायचं विसरू नका. गृहकर्ज असेल तर बँकेला, कारण पुढचा टप्पा कामाच्या प्रगतीवर सुटतो. आणि बांधकाम परवानगीची मुदत जवळ आली असेल तर पालिकेकडे किंवा संबंधित कार्यालयाकडे मुदतवाढीचा अर्ज.

मजूर आणि दुकानदार दारात आले तर

ठेकेदार पळाला की त्याचे मजूर आणि सिमेंट-सळईचा दुकानदार तुमच्या दारात येतात. दुकानदारानं उधारी ठेकेदाराला दिली असेल तर ती ठेकेदाराची. पण 'काळजी करू नका, मी बघतो' असं भिडेपोटीही म्हणू नका, कारण आपल्या करार कायद्यात हमी तोंडीसुद्धा असू शकते.

मजुरांचं वेगळं आहे. त्यांचा यात काही दोष नसतो आणि त्यांची मजुरी खरोखर बुडालेली असते. काही द्यायचं ठरवलंत तर बँकेतून किंवा सही घेऊन द्या, पावतीवर 'अमुक ठेकेदाराकडील थकीत मजुरीपोटी' असं लिहा आणि ही रक्कम त्याच्या हिशेबात धरत असल्याचं ठेकेदाराला त्याच दिवशी कळवा. काम किती दिवस बंद आहे, माणसं का काढून नेली, हे सांगणारे साक्षीदारही हेच असतात.

दाद कुठे मागायची

बहुतेक घरमालकांसाठी पहिला पर्याय ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच घरबांधणी आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ठेकेदाराच्या गावी जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० आणि २० ते ५० लाखांना १,००० रुपये. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि वकील लावलाच पाहिजे असं बंधन नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहायला हरकत नाही. काही वेळा तेवढ्यानंही समोरचा बोलायला येतो.

मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि ती करारभंगापासून मोजली जाते. नोटिसांवर नोटिसा पाठवल्यानं ती वाढत नाही. कायद्यानं साध्या तक्रारीसाठी तीन महिन्यांचं उद्दिष्ट ठेवलं असलं तरी प्रत्यक्षात जास्त काळ लागतो, हे धरून चला. दोन अडचणीही लक्षात घ्या. तुम्ही स्वतः गवंडी आणि मजूर रोजंदारीवर ठेवून देखरेख करत असाल, तर तो ग्राहक-सेवेचा मामला मानला जाणं कठीण. आणि बांधकाम व्यापारी गाळ्यांचं असेल तर 'व्यावसायिक हेतू'चा आक्षेप येतो.

हिशेब फार गुंतागुंतीचा असेल, सह्या खोट्या असल्याचा वाद असेल किंवा दोन वर्षं उलटून गेली असतील, तर दिवाणी न्यायालय. तिथे करारभंगाच्या भरपाईसाठी तीन वर्षं मिळतात. न्यायालयाकडून कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करून घेता येते. ठेकेदार मालमत्ता विकून किंवा हलवून निकाल निष्फळ करण्याच्या बेतात आहे हे दाखवता आलं, तर निकालाआधीच जप्तीचा अर्ज करता येतो. एकाच मागणीसाठी आयोग आणि न्यायालय दोन्हीकडे मात्र जाऊ नका.

करारात लवादाचं कलम असेल तर दिवाणी दाव्यात ठेकेदार ते पुढे करील आणि प्रकरण लवादाकडे जाईल. पण त्यानं ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे.

पोलिसांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. करार मोडला म्हणजे फसवणूक झाली असं नाही. पैसे घेतानाच काम न करण्याचा इरादा होता, हे दिसावं लागतं. सळईची खोटी बिलं दाखवून रक्कम उचलली, खोटं नाव-पत्ता दिला, त्याच सुमारास इतरांकडूनही पैसे घेऊन काम सुरूच केलं नाही, असं काही असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) किंवा ३१६ (विश्वासघात) लागू शकतं. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुनी दंड संहिता लागते. पाया चांगला बांधून झाल्यावर ठेकेदाराचा पैसा दुसऱ्या साइटवर अडकला, अशा प्रकरणात पोलीस बहुधा 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतात, आणि ते नेहमीच चुकीचे असतात असं नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत तडजोडही तिथून करता येते. त्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं.

ठेकेदार तडजोडीला आला तर

नोटीस गेल्यावर पुष्कळदा ठेकेदार भेटायला येतो. तडजोड वाईट नसते, पण थोडी रक्कम देऊन 'हिशेब पूर्ण मिटला' असं लिहिलेल्या कागदावर सही मागितली, तर तिथेच थांबा. त्या सहीनं बाकीचा हक्क जातो. 'मी अमुक रक्कम देणं लागतो' असं त्याच्या सहीनं लिहून घ्या. मुदत संपण्यापूर्वी दिलेल्या अशा लेखी कबुलीनं त्या रकमेसाठीच्या दिवाणी दाव्याची मुदत नव्यानं सुरू होते.

परतफेडीचा चेक न वटता परत आला तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ तुमच्या बाजूला येतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे देण्यासाठी, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. या तारखा कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

निकालानंतरची वसुली

निकाल हातात आला की पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. ग्राहक आयोगाच्या आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते, आणि आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या कलमाचा अर्ज लागला की टाळाटाळ करणारे बरेच जण पैसे भरायला तयार होतात. दिवाणी हुकूमनामा बारा वर्षांपर्यंत बजावता येतो.

ठेकेदाराच्या नावावर घर-जमीन नसेल, तरी त्याचं येणं कुठे ना कुठे असतं. ज्या दुसऱ्या मालकाचं काम तो करत आहे, त्याच्याकडून त्याला मिळायची रक्कमही न्यायालयामार्फत जप्त करता येते. त्यासाठी अर्जात नेमकी माहिती द्यावी लागते. म्हणून तुम्ही पैसे पाठवलेलं त्याचं बँक खातं, त्याच्या गाड्यांचे नंबर, सुरू असलेल्या साइट्सचे पत्ते आणि तिथल्या मालकांची नावं, हे सगळं नोटीस पाठवण्याच्या दिवसापासूनच एका वहीत टिपत जा.